अप्पा आणि नारळाचा भुसा

आमचे शेजारी अप्पा भाजीची आधी उलटतपासणी घेतात. मंगळवार पेठेत आमच्या दाराशी भाजीवाली आली की मेथीची जुडी उचलायची, मुळं नाकाला लावायची आणि दरडावायचं, "कुठल्या मातीतली?" तिने काहीही सांगितलं तरी अप्पांचा निकाल एकच, "खोटं! ही खारवट रानातली हाय!" आता ती बाई आमच्या गल्लीत फिरकत नाही आणि मला मंडई गाठावी लागते.

गेल्या वर्षी बायकोने गॅलरीत कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, कुंड्या टांगल्या. आम्ही लग्नाला गेलो होतो. किल्ली अप्पांकडे, ही माझीच अक्कल. त्यांनी सगळा भुसा कचऱ्यात घातला आणि कुंड्यांत काळी माती ठासली. वजनाने हूक उपटून आला. जाब विचारला तर मलाच झापलं, "मास्तर, नारळाच्या शेंडीनं भांडी घासत्यात! त्यात पीक घेत्यात व्हय?"

अप्पांची खरी लढाई मुलाशी. बसवराजने पेठ वडगावच्या रानात पॉलिहाऊस घातलंय. जमिनीवर प्लास्टिकचा काळा कागद, त्यावर कोकोपीटच्या पिशव्या आणि पिशव्यांत ढोबळी मिरची.

"अप्पा, उद्या साऱ्या जगाला ह्योच भुसा लागणार हाय. आत्ताच परदेशातनं मागणी हाय."

"जगातली माती संपली व्हय? जगाचं सांगतोस, बापाचं ऐक की!"

दिवाळीच्या सुमारास बसवराज तणतणत माझ्याकडे आला. मिरचीची एक अख्खी ओळ मर रोगाने बसली होती. उकरून बघितलं तर प्रत्येक पिशवीत मूठभर माती. अप्पा फिरायला म्हणून निघायचे आणि एसटीने वडगाव गाठायचे.

"मातीतला रोग नगं म्हणून एवढा खटाटोप केला मास्तर, आन् बानंच माती घातली! आता रानात पाय ठिवायचा न्हाय म्हणून सांगितलंय."

मी तावातावाने अप्पांकडे गेलो. हूकही विसरलो नव्हतो. "पोराचं पीक घालवलंत! काही वाटतं का?"

अप्पा भांडलेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "कुठलीबी माती न्हवती, मास्तर. हिला ठिवलीया न्हवं बांधाला, तिथली."

अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला पुरतात, अनेकदा स्वतःच्याच रानात. काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्या तेव्हा त्या बांधाशी मीही एक मूठ माती टाकली होती.

"चाळीस वरसं तिच्या हाताबिगर बी पडलं न्हाय. आता समदं कागदाखाली. रान अजून पिकतंय, हे तिला कसं कळायचं?"

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. मी बसवराजला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने बांधाकडचा कागद हातभर कापला आणि अप्पांना गाडीवर बसवून नेलं. "हितं लावा काय लावायचं त्ये."

काल अप्पा दारात आले. रुमालात हिरव्यागार मिरच्या होत्या. माझ्या हातात दिल्या, पण जागचे हलेनात. कसली तरी वाट बघत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक मिरची नाकाला लावून मी दरडावलं, "कुठल्या मातीतली?"

"हिच्या," अप्पा म्हणाले.