सातानं भाग जातो

"म्हादूची काय खुशाली, तात्या?" असं कुणी विचारलं, की माझे चुलते छाती काढून सांगायचे, "सातानं भाग जातो."

म्हादू त्यांचा एकुलता मुलगा. आमच्या माणदेशात बाजरी करपली, घरात दोन्ही वेळची चूल पेटेना, तेव्हा तो पलटणीत गेला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर मी सांगलीच्या कॉलेजात. पुढं ब्रह्मदेशात लढाई पेटली नि त्याची पत्रं थांबली. तात्यांजवळ उरला त्याचा पलटणीतला नंबर, ९१७९१.

"दोन्ही अंगाला एक्क्याण्णव, म्हंजी आमी दोघं. मधी सात, त्यो म्हादू."

तात्यांना तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. नांगर थांबवून ते बांधावरच्या दगडावर खडूनं भागाकार मांडत. नवानं भाग गेला त्या दिवशी काकीनं पत्र आल्यासारखा आळीत गूळ वाटला. अकरानं गेला नाही, तेव्हा दोघंही जेवली नाहीत.

तिसाच्या पुढं गाडी अडली. मग कोरेगावला रेल्वे धरून तात्या थेट आमच्या वसतिगृहात आले. खांद्यावर घोंगडी, पायांत करकरणारी पायताणं. व्हरांड्यात गणिताचे प्रोफेसर दिसताच त्यांनी वाट अडवली.

"आवं मास्तर, एकतिसाचा पाढा आमच्या शाळंत न्हवता. आमचं पोरगं एकतिसानं भागतंय का बगा की."

"कितवीत आहे पोरगं?" मागून एकानं विचारलं.

"पलटणीत हाय."

पोरं हसू लागली. माझे कान तापले. तात्यांना दंडाला धरून मी खोलीत आणलं आणि दार लोटलं. पुन्हा यायला नकोत म्हणून पेन्सिल घेऊन एका दमात सगळा नंबर फोडला.

"तीन, तीन, सात, एकतीस, सत्तेचाळीस. झालं. आता यातून काही निघायचं नाही, तात्या."

तात्यांनी कागदावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "समदं एकदम सांगितलंस व्हय रं? एकांदं ठिवायचं हुतंस. दिवाळीला तुज्या काकीला काय सांगू?"

बाहेर पोरं अजून हसत होती.

"वर्ग राहिलाय," मी म्हणालो.

"त्यो काय आस्तोय?"

"त्याला त्यानंच गुणायचं. लय मोठा होतो."

"किती मोठा?"

"दिवाळीला सांगतो."

तात्यांनी घोंगडी सावरली. "सांग. पर एवढंच सांग. फुडचं न्हाई."

म्हादूचं पत्र आलं नाही. दिवाळीला वर्ग झाला, गुढीपाडव्याला घन. सांगायला कमी पडू नये म्हणून मी गणितच घेतलं. बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.