प्रभारी आजी

मुरुडच्या कोळीवाड्यातल्या सोनूबाईंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एकटीने मौज करायला जायचं ठरवलं, आणि प्रशासनाची गैरसोय सुरू झाली.

कारण तसं गंभीर होतं. अलिबागच्या वाटेवर, डोंगरउतारावरच्या 'सागरस्वप्न' मनोरंजननगरीत जागच्या जागी झोके घेणारं एक भलंमोठं जहाज आहे. सोनूबाई तिथे चार वेळा जाऊन आल्या होत्या, आधी मुलांबरोबर, मग सुनांबरोबर, मग नातवंडांबरोबर. चारही वेळा त्या जहाजासमोरच्या बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत होत्या. चारही सहलींचे फोटो घरच्या भिंतीवर आहेत, त्यांतल्या एकातही त्या नाहीत. घरच्या होडीवरही त्या कधी चढल्या नव्हत्या. बाईचा पाय लागला की जाळं रितं येतं, असं घरात मानत. त्या होडीने आणलेली मासळी मात्र चाळीस वर्षं त्यांनीच विकली, त्याला होडीची हरकत नव्हती. एकदा तरी नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, बसायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. मग एका मंगळवारी नवरा कान्हा दर्यावर गेल्यावर त्यांनी सकाळची एसटी धरली.

"किती जण?" खिडकीतल्या ऋतिकाने विचारलं.

"मी."

"आणि?"

"आनी कोन? मीच."

ऋतिकाने फलक दाखवला. 'कुटुंबाच्या हितार्थ एकट्या व्यक्तीस प्रवेश नाही.'

"माजा कुटुंब हाय की. नवरा होडीवर, येक पोरगा कुवेतला, येक उरनला ट्रेलरवर, लेक पनवेलला."

"कुटुंब असून चालत नाही, मावशी. ते सोबत दिसावं लागतं."

"त्ये घरातबी सोबत दिसत न्हाय."

ऋतिकाला हे पटलं, पण पटल्याची नोंद करायला संगणकात रकाना नव्हता. तिने सोनूबाईंना 'कुटुंबपूर्ती कक्षा'त पाठवलं.

कक्षात नेमका उलटा दोष असलेलं कुटुंब बसलं होतं. उरणचा अल्तमश, त्याची बायको अलिना आणि सात वर्षांची झोया. त्यांनी 'तीन पिढ्या सवलत' घेतली होती. पण अल्तमशच्या आई, फिरोजाबी, ऐन वेळी म्हणाल्या होत्या की बाकावर तर घरीही बसता येतं, आणि आल्याच नव्हत्या. एका कुटुंबाला आजी कमी आणि एका आजीला कुटुंब. ऋतिकाने दोन्ही अपूर्ण अर्ज एकत्र टाचले आणि सोनूबाईंच्या पदराला 'आजी (तात्पुरती)' असा बिल्ला लावला. अर्जात धर्माचा रकाना ठेवायचा राहून गेला होता, त्यामुळे काम दोन मिनिटांत झालं.

"खाला, तुम्हाला चालेल ना?" अल्तमशने अदबीने विचारलं.

"जहाजात बसाया मिलंल तर पनतूबी चालंल."

आत शिरताच अल्तमशने मोबाइल दिला. अलिनाने पर्स दिली, मग गॉगल, मग बिर्याणीचा डबा. झोयाने बदलायचा फ्रॉक दिला. "जरा धरा हं, खाला, पाच मिनिटं," असं म्हणून तिघं गेली. कुटुंब तात्पुरतं होतं, पण पिशव्या अगदी कायमस्वरूपी होत्या. सोनूबाईंनी मान वर केली तर समोर जहाज आणि खाली तोच बाक. दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून त्या पाचव्यांदा तिथेच येऊन बसल्या होत्या. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

रडण्याऐवजी त्या सगळं सामान घेऊन ऋतिकाकडे गेल्या. "मला बसायचाय."

ऋतिकाने नियमावली उघडली. सामान बेवारस ठेवता येत नव्हतं. ते सांभाळण्याचा अधिकार आजीचा होता, आणि आजीचं पद रिक्त ठेवता येत नव्हतं.

"मंग आजी रजेवर जाते."

रजेची तरतूद होती. कुठल्याही पदाला ती असतेच. "पण कार्यभार कोणाकडे देणार?"

झोयाला पाणी पाजायला अल्तमश तेवढ्यात तिथे आला होता. सोनूबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"मी आजी?" अल्तमश म्हणाला.

"जरा धर रं बाबा. पाच मिन्टं."

आदेश तीन प्रतींत निघाला. 'श्री. अल्तमश यांनी आपले काम सांभाळून आजीपदाचा अतिरिक्त कार्यभार स्वीकारावा.' बिल्ला त्याच्या शर्टावर गेला आणि तो बाकावर.

सोनूबाई झोयाला घेऊन नाळेवर बसल्या. जहाज वर गेलं तशी खाली नारळाची वाडी दिसली, पलीकडे दर्या आणि त्यावर होड्या. त्यांतली एखादी घरची असेल, आणि आज ती आपल्यापेक्षा खाली आहे, या विचाराने सोनूबाईंना इतका आनंद झाला की त्या मोठ्याने हसल्या. रजा संध्याकाळपर्यंत मंजूर होती, म्हणून त्या आणखी दोनदा बसल्या.

बिल्ला पाहून तोवर आणखी तीन कुटुंबांनी आपापलं सामान अल्तमशजवळ आणून ठेवलं होतं. तो डब्यांच्या आडून फोनवर हळू आवाजात विचारत होता, "अम्मी, तुम्ही आजवर इथल्या कशात बसल्यात?" पलीकडून फिरोजाबी म्हणाल्या, "बाकावर."

जहाजावरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो सोनूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकला. नाळेवर बसलेली आई, केस मोकळे, हात वर. मिनिटभरात कुवेतहून उत्तर आलं, "आई, मस्त. पण पिशव्या कोणाकडे दिल्यास?" उरणहून तेच आलं आणि पनवेलहूनही. कान्हाच्या होडीला किनाऱ्याजवळ रेंज मिळाली तेव्हा तो म्हणाला, "चपला बघ." एकटीने गेलेल्या बाईकडे कोणाच्या पिशव्या असणार, हे कोणी विचारलं नाही.

वाचकांनी आपापल्या सहलींचे जुने फोटो काढून पाहण्यास हरकत नाही. जी व्यक्ती एकाही फोटोत दिसणार नाही, तिच्याकडून आपण चपला परत घेतल्या होत्या का, तेवढं आठवावं.