साळिंदरी हगवण

एका जंगलात, बाळांनो, रोग सगळ्यांना होत. पण रोगाला नाव लागे एकाचंच. जो पहिल्यांदा वैद्याकडे जाईल, त्याचं. अशी तिथली रीतच होती. अस्वलाला पहिल्यांदा खाज सुटली, ती झाली अस्वली खाज. माकडाला पहिल्यांदा ढास लागली, तो झाला माकडखोकला. त्यामुळे जरा कणकण आली की जो तो झाडाआड जाऊन बसे आणि दुसरा कुणी आधी वैद्याकडे जातोय का, याची वाट पाही. काही जण वाट पाहता पाहता मरत. पण घराण्याचं नाव राखून मरत.

या जंगलात साळू नावाची एक साळिंदरीण राहत असे. तिला तीन पिल्लं. एके दिवशी तिघांचीही पोटं बिघडली. धाकटी बारकी तर इतकी गळून गेली, की तिच्या अंगावरचे काटेसुद्धा उभे राहीनात. साळिंदराचे काटे आडवे झाले, बाळांनो, की प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

साळू पाणवठ्यावर गेली. पाण्याला वास येत होता. ती काठाकाठाने वर चालत गेली, तर ऐन ओढ्यात एक गवा मरून, फुगून पडलेला. तिने त्याची शेपटी धरून ओढून पाहिलं. शेपटी हातात आली. गवा तिथेच.

ती तडक बगळ्याकडे गेली. बगळा जंगलाचा वैद्यराज. दिवसभर पाण्यात एका पायावर, डोळे मिटून उभा असे. सगळ्यांना वाटे, रोगांचं चिंतन चाललं आहे.

“वैद्यराज, वर ओढ्यात गवा सडतोय. त्या पाण्याने पोरांना हगवण लागलीय. तेवढा गवा बाहेर काढायला सांगा. एका हत्तीचं काम आहे.”

बगळ्याने एक डोळा उघडला. “ही तक्रार घेऊन तुझ्याआधी कुणी आलं होतं?”

“नाही. मीच पहिली.”

“अरेरे,” बगळा म्हणाला. मग पळसाच्या पानावर त्याने चोचीने कोरलं : साळिंदरी हगवण.

“आणि गवा?”

“गवा लक्षणांत बसत नाही.” बगळ्याने डोळा मिटला.

संध्याकाळपर्यंत नाव जंगलभर झालं. शेजारची रानडुकरीण बिळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

“काय गं साळू, तुझा रोग आमच्या पोरांना लावलास ना?”

“माझा कसला? तुझी पोरं पितात ते पाणी वेगळं आहे का?”

“पाण्याचं मला सांगू नकोस. नाव कुणाचं आहे? उगाच पडतं का कुणाचं नाव?”

दुसऱ्या दिवशी सभा भरली आणि ठराव झाला : साळिंदरांनी पाणवठ्यावर फिरकायचं नाही.

साळू संतापली. तिचे काटे खडखडले. पण खडखडाटाने तहान भागत नाही. तिने बारकीला पाठुंगळी घ्यायचं ठरवलं, मग पाठीवरचे काटे आठवून तोंडात धरलं आणि थोरल्या दोघांना पुढे घालून टेकडी ओलांडली. पलीकडे कातळातून एक झरा पाझरत होता. पाणी थेंबाथेंबाने येई, पण नितळ होतं. चार दिवसांत पिल्लांची पोटं थांबली. पाचव्या दिवशी बारकीचे काटे उभे राहिले आणि तिने थोरल्याला टोचून रडवलं. साळूला इतका आनंद कधी झाला नव्हता.

इकडे त्याच दिवशी सिंहाचं पोट बिघडलं.

“वैद्यराज, आम्हाला काय झालंय?” सिंहाने विचारलं. एवढं विचारायला त्याला तीनदा झुडपाआड जाऊन यावं लागलं.

बगळ्याने दोन्ही डोळे उघडले. असं आजवर घडलं नव्हतं. “महाराजांना राजातिसार झाला आहे.”

“ती साळिंदरी हगवण तर नव्हे?”

“छे छे! तो हलक्या कुळातला रोग.”

“फरक काय?”

“हगवणीत रोगी पळत सुटतो, महाराज. राजातिसारात तो तातडीने प्रस्थान ठेवतो.”

सिंहाने समाधानाने मान डोलावली आणि तातडीने प्रस्थान ठेवलं.

मग काय विचारता! जंगलात ज्याला त्याला राजातिसार. रानडुकरीण सांगत सुटली, “आमच्याकडे चौघांना आहे हो. थोरल्याला तर महाराजांच्या दोन दिवस आधीच... म्हणजे नंतर. दोन दिवस नंतर.” ज्यांची पोटं ठीक होती, ते शरमेने वर जाऊन गव्यापाशी पाणी पिऊ लागले. गव्याला कुणीतरी रानफुलांची माळ घातली. दोन हरणं दगावली, तेव्हा लोक म्हणाले, मरण यावं तर असं.

हे कानावर येताच साळू बारकीला घेऊन भर सभेत शिरली.

“अरे, माझी पोरं बरी झाली! टेकडीपलीकडे चांगलं पाणी आहे. तुमच्या पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता चला!”

सगळ्यांनी बारकीच्या ताठ काट्यांकडे पाहिलं. रानडुकरिणीने आपल्या पायाशी पडलेल्या पिल्लाकडे पाहिलं. ते सकाळपासून हललं नव्हतं. तिने त्याला हळूच तोंडात उचललं आणि साळूच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

“थांबा!” बगळा म्हणाला. “या पाण्याने पहिल्यांदा बरं कोण झालं?”

“आम्ही!” साळू अभिमानाने म्हणाली. “आम्हीच पहिले.”

बगळ्याने नवीन पान घेतलं आणि कोरता कोरता मोठ्याने वाचलं : “साळिंदरी आरोग्य. लक्षणं : पोट शांत, भूक उत्तम, वडीलधाऱ्यांना उलट बोलणं. प्रसार : झऱ्याच्या पाण्यातून.”

रानडुकरिणीचं पाऊल मागे आलं. “नको गं बाई,” पिल्लू खाली ठेवत ती पुटपुटली. “आम्हाला आमचा राजातिसारच बरा.”

साळू तिच्या पायाशी पडलेल्या त्या पिल्लाकडे बघत राहिली. तोवर दोन लांडगे टेकडीच्या वाटेवर पहाऱ्याला निघालेसुद्धा. साथ पसरायला नको म्हणून. त्यांच्या आधी वाट गाठायची म्हणून साळू बारकीला घेऊन पळाली.

झऱ्यापाशी पोचल्यावर बारकीने विचारलं, “आई, आपल्याला काय झालंय गं?”

“काही नाही, बाळा,” साळू म्हणाली. “पण कुणाला सांगू नकोस.”

तात्पर्य : बाळांनो, आजारी जरूर पडावं, पण राजाच्या आधी पडू नये. आणि बरं होण्यात तर पहिला नंबर मुळीच काढू नये. गव्याबद्दल विचाराल, तर तो अजून तिथेच आहे. पण तो तात्पर्यात बसत नाही.