सात नंबरचं निर्दोष तेल

यंत्रातलं तेल हे यंत्राचं रक्त आहे, असं आमच्या महामंडळाच्या तेल-तपासणी परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत म्हटलं आहे. परिपत्रकातलं विधान खोटं ठरल्याचं आजवर कोणाच्या ऐकिवात नाही (ते खोटं ठरवायला दुसरं परिपत्रक लागतं).

त्यानुसार कोलकात्याच्या आमच्या यार्डातल्या अकरा क्रेनच्या गिअरबॉक्समधून दर तीन महिन्यांनी तेलाचा नमुना घ्यायचा असतो. क्रेन चालून तेल गरम असताना, मधल्या नळीतून, कोरड्या बाटलीत. प्रयोगशाळेला तेलात लोखंडाचा चुरा जास्त सापडला, तर आतले दाते झिजले असं समजून क्रेन थांबवायची. पद्धत इतकी चांगली आहे की ती पाळावी असं कोणालाही वाटेल.

देखभाल प्रमुख श्यामकांतराव देवस्थळी नागपूरहून बदलून आले, तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं. पहिल्याच तिमाहीत चार क्रेनचे अहवाल लाल शेऱ्यासह आले, त्यात सात नंबरचा सगळ्यांत वाईट. लाल शेऱ्यानंतरची कामं अशी: सव्वीस रकान्यांचं स्पष्टीकरण तीन प्रतींत; क्रेन थांबवल्याबद्दल दुसरं; पहिल्याला उशीर का झाला याबद्दल तिसरं. हिरव्या शेऱ्यानंतर काहीच करायचं नसतं.

श्यामकांतराव हुशार माणूस. पुढच्या तिमाहीपासून नमुना गोदामातल्या नव्या तेलाच्या पिंपातून जाऊ लागला (गरम तेलानं हात भाजतात, कर्मचाऱ्यांची काळजी नको?). त्यांचा सहायक म्हणून बाटल्या मीच भरायचो. एका पिंपातून अकरा, सात मिनिटांत. मग त्या पिशवीत घालून सियालदह स्टेशनच्या गर्दीतून प्रयोगशाळेत पोचवायला अर्धा दिवस. नमुन्यावर एवढे कष्ट फार थोडी खाती घेत असतील.

निकाल डोळे दिपवणारे होते. हिरव्या अहवालांचं प्रमाण चौसष्ट टक्क्यांवरून शंभरावर गेलं. सात नंबरसाठी मागवलेले नवे दाते ‘गरज उरली नाही’ म्हणून रद्द झाले. प्रयोगशाळेनं लिहिलं, ‘चार हजार तास चाललेलं तेल अजिबात न वापरल्यासारखं दिसतं.’ ते पत्र आम्ही फ्रेम करून लावलं.

नाराज एकटा अनिल. सात नंबर चालवणारा. साठ फुटांवरच्या केबिनमध्ये आठ तास बसून तो खाली आला की म्हणायचा, “सर, गिअर के अंदर से आवाज आता है. हाम ऊपर बैठता है, हामको डर लगता है.” श्यामकांतराव त्याला अहवाल दाखवायचे. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे वाद तिथेच मिटायचा.

एका रविवारी बालीगंजच्या त्यांच्या फ्लॅटवर चहा घेताना हा किस्सा निघाला. प्रेमलतावहिनी म्हणाल्या, “अहो, मग त्या माणसाला खाली तरी उतरवा.”

“कोणत्या कारणानं उतरवू?” श्यामकांतराव म्हणाले. “रिपोर्ट नॉर्मल आहे.”

मी बिस्किट बुडवत होतो. काढायचं विसरलो आणि ते चहात पडलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता सात नंबरचे दाते तुटले. लोखंडी पाइपांचा गठ्ठा खाली आला आणि वर केबिनला असा हिसका बसला की अनिलच्या गळपट्टीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. खाली कोणी नव्हतं, कारण खालच्यांची चहाची वेळ होती (आमच्या यार्डात सुरक्षेचा हा एकच नियम काटेकोर पाळला जातो).

चौकशी समितीनं त्याच गिअरबॉक्समधल्या तेलाचा नमुना मागितला. बाटली मीच भरली. हात सवयीनं पिंपाकडे गेला, असं मी म्हणतो. माझी मला लाज वाटली, पण ती काही बाटलीत मावली नाही. अहवाल हिरवा. समितीचा निष्कर्ष: तेल निर्दोष, सबब दोष चालकाचा. अनिलला निलंबनाची नोटीस प्लॅस्टरमध्येच मिळाली. सही त्यानं डाव्या हातानं केली.

आता तुम्ही आमच्यावर चिडला असाल. चिडा. पण सोमवारी तुमची शुगर तपासायची आहे ना? मग परवापासून तो बिनसाखरेचा चहा कोणाला दाखवायला पिताय? रिपोर्ट नॉर्मल येईलच. घरचे निश्चिंत होतील आणि त्याच संध्याकाळी तुम्ही पेढे आणाल.