भास्कर फिटरच्या नऊ गाड्या

रविवारी सकाळी आठला पाच कमी असताना आमच्या गल्लीत एकच धांदल उडते. खिडक्या लागतात, दोरीवरचे कपडे आत जातात, अंगणातल्या कुरडयांवर चादर पडते, आणि तान्ही पोरं असलेल्या बायका माहेर गावातच असेल तर तिकडे निघतात. कारण आठ वाजता भास्कर फिटर आपल्या नऊ मोटारसायकली एकामागून एक चालू करतो.

नऊच्या नऊ जपानी बनावटीच्या, जुन्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणाऱ्या. प्रत्येकीला पाच मिनिटं. पाऊण तासात गल्लीत असा निळा धूर साठतो की समोरचं घर दिसत नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी आमची ही पाण्याची बादली घेऊन धावली होती. तिला वाटलं, कोणाचा तरी स्टोव्ह भडकला. त्या वर्षीच्या आमच्या कुरडया तळल्यावरही पेट्रोल पंपाची आठवण करून देत होत्या.

बरं, एवढा यज्ञ करून हा माणूस कामाला कशावर जातो? सायकलवर! हँडलला डबा अडकवून, पँटच्या पायाला चिमटा लावून, जिनिंग फॅक्टरीपर्यंत पायडल मारत. दारात नऊ मोटारसायकली उभ्या, आणि एकीवरही तो कधी बसत नाही. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग विचारल्यावाचून राहवेना. नाक खुपसणं हा माझा धंदाच आहे. मलकापूर स्टेशनच्या तिकीटखिडकीत बावीस वर्षं बसलेल्या माणसाला 'कुठं जायचं?' असं विचारल्याशिवाय अन्न पचत नाही.

"भास्करभाऊ, एखादी चालवत का नाही?"

"चालवाले कायले पाह्यजे, बाबू? आवाज ऐका ना. आवाज!"

'आवाज ऐका' हे त्याचं पालुपद. चार माणसांत काही बोलणं निघो, तो एक बोट वर करतो आणि सगळ्यांना गप्प करून रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकवतो. नव्या, कमी पेट्रोलवर जास्त पळणाऱ्या गाड्यांना तो 'मुक्या' म्हणतो. "मुकी येऊन राह्यली पहा. मांगून येते अन् मानसाले पत्ता लागत नाही. जपानी जीव कसा, अर्ध्या कोसावरून सांगते, मी आलो बे!"

भास्कर म्हणजे काटकुळा माणूस. कापसाच्या हंगामात त्याच्या भुवयांवर रुई बसते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तो वीस वर्षांनी म्हातारा दिसतो. एका लग्नात तो माझ्या शेजारी पंगतीला होता. ताटात बुंदी पडली, आणि मांडवामागून एक जुनी आरएक्स फटफटत गेली. भास्कर तसाच उष्ट्या हाताने उठला. परत आला तेव्हा पंगत उठलेली. "पिस्टन घासून राह्यला होता तिचा," तो म्हणाला, "सांगाले पाह्यजे होतं त्या पोराले." गल्लीच्या टोकाचे पाटीलबुवा वारले तेव्हा त्यांच्या मुलाला जवळ घेऊन याने अगदी मनापासून डोळे पुसले आणि म्हणाला, "देवमानूस गेला. गाडी कोन पाह्यते आता?"

ती गाडी आता त्याच्याच दारात आहे, सातव्या नंबरला.

या गाड्या त्याच्याकडे आल्या कशा, हे सांगायला हवं. ते दिवस बीटी कापसाचे होते. बोंडअळी लागत नाही म्हणून ज्याच्या-त्याच्या हातात बियाण्याची पाकिटं. पहिली वर्षं कापूस असा फुटला की गावोगाव लोकांनी जुन्या धूर सोडणाऱ्या गाड्या काढून नव्या मुक्या घेतल्या. पुढे पाऊस रुसला, पानांवर लाल्या आला, झाडं उभ्या उभ्या तांबडी झाली, तेव्हा उरलेल्या जुन्याही लोकांना नकोशा झाल्या. म्हणजे पीक आलं तरी गाडी विकायची आणि बुडालं तरी विकायची. भास्करच्या कानावर रोज नवी बातमी. पण तो जायचा फक्त एकाच जपानी गाडीच्या बातमीवर. कोणी म्हणालं की 'लाल एएक्स हंड्रेड हाय', की हा निघाला.

एकदा देऊळघाटला मी त्याच्याबरोबर गेलो. गाडी पाहायची त्याची तऱ्हा निराळी. लोक इंजिन पाहतात, टायर दाबतात. हा सरळ डाव्या बाजूला गेला, गुडघे टेकून बायकांच्या पायदानाकडे वाकून पाहिलं, उठला आणि तोंड पाडून म्हणाला, "हे नाही."

मी म्हटलं, चला, सुटलो. पण तेवढ्यात घरातल्या वहिनी आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पंधरा वर्सं होती हो घरात. सांभाळा तिले."

भास्कर माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघायला लागलो. तासाभराने टेम्पोत गाडी, गाडीला धरून भास्कर, आणि भास्करला धरून मी, असे आम्ही मलकापूरला निघालो.

"अहो, पण ती नको होती ना तुम्हाला?"

"कुंकू लावलं ना बाबू त्या माउलीनं. पोरगी पाहाले गेलो, पोरीची ओटी भरली, अन् मंग नाही म्हनाचं? जमते का असं?"

तर असं हे. नऊपैकी चार गाड्या तर लालही नव्हत्या. सांगणाऱ्याने ऐकीव सांगितलं होतं. नको असताना कुंकवाने पदरात पडलेल्या नऊ मोटारसायकली! एवढ्या सोशिक माणसाचा संसार कसा झाला नाही, याचं मला नवल वाटतं. घरात तो आणि त्याची मोठी बहीण सुमनताई, दोघंच.

एका उन्हाळ्यात पुण्याहून जुन्या गाड्यांचे शौकीन आले. तीन तरुण, मे महिन्यात, मलकापुरात, अंगात कातडी जाकिटं! घामाने निथळत ते एकेका गाडीपुढे हात जोडून उभे राहत होते. "काका, काय कलेक्शन आहे तुमचं! ही आरडी तर द्याच आम्हाला. मागाल ते देतो."

"कलेक्शन नाही जी," भास्कर म्हणाला. "पाहुन्या हायत. ज्याच्या त्याच्या घरच्या." आणि त्यांना चहा पाजून, आवाज ऐकवून, रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मला काही हे बघवेना. मी तणतणत त्याच्या घरात शिरलो. सुमनताई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. लहानपणच्या पोलिओने त्यांचा डावा पाय आखूड राहिला आहे. आमच्या हिची पोलकी त्याच शिवतात.

"ताई, या माणसाला पाहिजे तरी काय?"

ताईंनी मशीन थांबवली. "त्याले आमची गाडी पाह्यजे, बाबू."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी भास्करकडे एक लाल एएक्स होती. ताई तेव्हा बाजारपेठेत मुलींचा शिवणाचा वर्ग चालवायच्या. चाळीस मुली! रोज सकाळी भास्कर त्यांना सोडायचा, संध्याकाळी आणायचा. कोणत्याही गाडीच्या पायदानाला ताईंचा पाय पुरत नसे, लोंबकळून कळ लागायची. म्हणून भास्करने जिनिंगमधली मोडकी पोलादी पट्टी कापून चार बोटं उंच पायदान वेल्ड केलं, वर टायरचं रबर बसवलं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्याने विचारलं, 'पाय पुरते का?' आणि ताई म्हणाल्या, 'पुरते.' अकरा वर्षं ती गाडी चालली. मग बीटी आलं. भास्करने आपल्या चार एकरांसाठी बियाणं आणि खत आणलं, ते ती गाडी विकून. ताईंना न विचारता. 'एका हंगामात वापस आनतो,' म्हणाला. पण घेणाऱ्याने ती वर्षाच्या आत पुढे विकली आणि माग तुटला.

"मले राग आला," ताई म्हणाल्या. "म्हटलं, बसीन तं त्याच गाडीवर बसीन, नाही तं घरात बसीन. त्यानं नवं पायदान करून देतो म्हटलं, तं मी हो म्हटलं नाही. मंग तोई म्हने, तू बसत नाही तं मीई बसत नाही. तवापासून सायकलवर हाय. सात वर्सं झाली."

वर्ग बंद पडला होता. ताईंच्या ओठांवर आणखी काहीतरी आलं होतं, पण त्यांनी दाताने दोरा तोडला आणि मशीन चालू केली.

त्या दिवसापासून मी भास्करला हसायचं सोडलं. तिकीट देताना माणूस सुट्टे पैसे शोधत असतो तेवढ्यात मी विचारू लागलो, "तुमच्या गावात एखादी लाल एएक्स आहे का हो, उंच पायदानाची?" लोक मला वेडा समजले असतील. समजोत. आणि एका दुपारी साखरखेर्ड्याचा एक माणूस म्हणाला, "हाय ना. आमच्या आशाच्या गाडीले हाय तसं. अन् विकतबी हायेत ते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही निघालो.  एसटीच्या शेजारून किती गाड्या गेल्या, भास्करने बोट वर केलं नाही.

गाडी निंबाच्या झाडाखाली उभी होती. भास्करने गुडघे टेकले, डाव्या बाजूला वाकला, आणि तसाच राहिला. मग पायदानावरून हात फिरवला. उठला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याही आलं, लपवायचं काय त्यात?

घरधनी दिगंबर म्हणाला, "लाल्यानं कापूस गेला भाऊ, पेट्रोल परवडत नाही. नाही तं हे गाडी काढाची नव्हती. हिच्यासाठीच घेतली होती."

त्याची बायको आशा मुलखाची ठेंगणी. "माहा पाय कोनत्याच गाडीवर टेकत नव्हता," ती म्हणाली. "या गाडीवर टेकला. म्हटलं हेच घ्या." शेजारच्या गावी अंगणवाडीत ती कामाला होती. दिगंबर तिला रोज सोडायचा.

"मंग आता कशा जासान?" भास्करने विचारलं.

"पायी. दोन कोस तं हाय."

भास्करने पुन्हा एकदा त्या पायदानाकडे पाहिलं. आशा आत गेली आणि ताट घेऊन आली. तिने कुंकवात बोट बुडवलं. सात वर्षं ज्या क्षणासाठी हा माणूस जिल्हाभर फिरला, तो समोर होता. 

"थांबा, वहिनी," भास्कर म्हणाला. "कुंकू नका लावू."

मग त्याने पिशवीतून पाने-पकड काढली. कार्बोरेटर खोलला, साफ केला, दोन तास खपून गाडी अशी लावून दिली की दिगंबर ऐकतच राहिला. "आता पेट्रोल कमी खाईन. इकू नका. महिन्याच्या महिन्याले मी येत जाईन, नवा पैसा नाही घेनार." पायदानाचा बोल्ट त्याने तीनदा आवळला. आणि आम्ही एसटीने परत आलो. गाडी पाहायला जाऊन भास्कर रिकाम्या हाताने परतला, असं पहिल्यांदाच घडलं.

दिवेलागणीला ताई दारातच उभ्या होत्या. टेम्पोची वाट पाहत असाव्यात.

"भेटली?"

"भेटली." आणि खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. "तुही गाडी नाही आनली म्या, ताई."

"पाय पुरते का त्या बाईचा?"

"पुरते."

"मंग बरं केलं." ताई उंबऱ्यावर टेकल्या. "भास्कर, मी ते रागात म्हटलं होतं रे. दुसऱ्याच दिवशी राग उतरला होता. तू अजून एक डाव इचारलं असतं, तं कोन्याई गाडीवर बसली असती."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू इचारलं काऊन नाही?"

 एक विचारायला घाबरला, दुसरीला सांगायला लाज वाटली, आणि त्यापायी सात वर्षं आणि नऊ मोटारसायकली! एरवी मी यावर तासभर बोललो असतो. त्या दिवशी मी मुकाट घरी आलो आणि आमच्या हिला म्हणालो, तुला माझा कसला राग असेल तर आत्ताच सांगून टाक. ती सांगायला लागली, ते जेवणं होईपर्यंत पुरलं.

रविवारी आठला पाच कमी असताना नेहमीप्रमाणे खिडक्या लागल्या. मी मात्र उघडी ठेवली. भास्करने देऊळघाटची गाडी पुढे काढली होती. डाव्या बाजूला नवं पायदान, चार बोटं उंच, वेल्डिंग अजून काळं. आमच्या हिने जाऊन दिव्याला कुंकू लावलं. ताई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या, भास्करच्या खांद्याला धरून मागे बसल्या.

"पाय पुरते का?" भास्करने विचारलं. पुढे बघूनच. मागे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"पुरते. चाल आता. बाबूच्या घरात धूर चालला."

गाडी गल्लीतून बाजारपेठेच्या दिशेने निघाली. त्या रविवारी बाकीच्या आठ गाड्या चालू झाल्याच नाहीत. मी खिडकीतच उभा राहिलो, गाडी पार रेल्वे फाटकापलीकडे जाईपर्यंत, आवाज ऐकत.