उपग्रहासाठी वाळत घातलेली पँट

अख्ख्या अकोल्यात उपग्रहांवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस होता. मी! सरकारी कचेरीत कारकून असलो म्हणून काय झालं? पेपर मी पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचो.

१९६७चा उन्हाळा. बाळापूरच्या बुधाजींची मुलगी शालू मी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हापासून फायली उलट्या बांधत होतो! पण बुधाजींना जावई हवा होता हुशार. म्हणून मी पहिल्याच भेटीत पुडी सोडली.

"मामा, आभाळात अमेरिकेच्या उपग्रहांची पलटण फिरून राहिली! एक गेला की दुसरा येते. रोज साऱ्या पृथ्वीचे फोटो! ढग, वादळं, सारं दिसते त्याईले!"

"आपलं अकोलं बी?"

"म्हणजे काय! येत्या रविवारी सकाळी आमच्या गच्चीवरूनच जाते!"

हे शेवटचं वाक्य पेपरात नव्हतं.

बुधाजींचे डोळे लकाकले. "मंग आमी बी येतो. शालूले घेऊन. फोटो बी होईन अन् लग्नाचं बी पक्कं होईन!"

मी हवेत तरंगतच घरी आलो. आईला, म्हणजे सुंदराबाईला, फर्मान सोडलं, "आई, वरून फक्त पांढरं दिसते, ढगासारखं. रविवारी घरातलं सारं पांढरं गच्चीवर अंथर!"

रविवारी मी आंघोळीला गेलो आणि आईनं हुकूम पाळला. चादरी, धोतरं, सारं अंथरलं. त्यात माझी परीटघडीची, खास आजच्यासाठी ठेवलेली, एकुलती एक पांढरी पँट! आणि एवढं स्वच्छ कापड उन्हात रिकामं कसं ठेवायचं? तिनं त्यावर कुरडया घातल्या!

मी टॉवेलवरच गच्चीत धावलो. "आई! माही पँट!"

"तूच म्हनलं ना, सारं पांढरं! हात नको लावू, ओल्या हायेत अजून."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "जयभीम!"

बुधाजी! मागे शालू आणि तिच्यामागे अर्धं बाळापूर! डोक्याला तेल, अंगावर ठेवणीतले कपडे. मी पाण्याच्या टाकीमागे उडी मारली.

"श्रावणराव, कुठी बसाचं?"

"चादरीच्या कडेनं!" मी टाकीमागून ओरडलो. "वर पहा अन् हलू नका!"

सगळे माना वर करून बसले. वैशाखातलं ऊन ते! "येऊन राहिला काय जी?" "येऊन राहिला!" असं म्हणत मी टाकीआडून पँटचा एक पाय ओढत होतो, दुसरा पाय आई ओढत होती. "सोड रे, कुरडया तुटतात माह्या!"

आणि एकाएकी वावधान सुटलं! धूळ, पाला, चादरी, धोतरं सगळं उडालं. पँट आमच्या हातून निसटली आणि कुरडयांसकट थेट बुधाजींच्या डोक्यावर जाऊन बसली!

धूळ ओसरली तेव्हा टॉवेलातला मी भर गच्चीत उभा. बुधाजी मिशीतली कुरडई काढत म्हणाले, "श्रावणराव, त्याईले वादळ दिसते म्हनलं ना तुमी?"

"हो जी."

"मंग हे काहून नाई सांगतलं?"

मी टॉवेलची गाठ घट्ट धरली. संपलं! गेली शालू!

तोच पदरात तोंड लपवून हसणारी शालू बोलली, "सांगतलं असन बाबा, अमेरिकेले. अकोल्याचा पत्ता कुठी हाय त्याच्यापाशी?"

बुधाजी असे खदखदून हसले की उरलेली कुरडईही खाली पडली. "पक्कं लग्न! पर फोटो पाह्यजे म्हंजे पाह्यजे. आपल्या बौद्धाच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यातच. साऱ्या वऱ्हाड्याईले बी पांढरं नेसवतो. तवा कसा चुकते तो, पाहू!"

लग्नाला अकोल्याहून फोटोग्राफर आणला होता. बिचारा "इकडे पहा, इकडे पहा" म्हणून घसा कोरडा करत होता. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. सगळं बाळापूर आभाळाकडे बघतंय, कुणाचंच तोंड दिसत नाही, नुसत्या हनुवट्या! एकटी शालू तेवढी खाली बघून हसतेय. माझ्या पँटच्या गुडघ्याकडे. कितीही धुतली तरी कुरडईचा तो गोल छाप काही गेला नव्हता!