हिरानाखव्याचं मिसर

मुरुडच्या तंबूत मी जेवढे इंग्रजी बोलपट पाहिले, त्यांत एकही माणूस मेल्याचं मला आठवत नाही. राजे मेले नाहीत, गुलाम मेले नाहीत. सिंहापुढे टाकलेलेसुद्धा धडधाकट घरी गेले. कारण ते सगळे हिरानाखव्याच्या ताब्यात होते.

दिवाळी झाली की कोळीवाड्यालगतच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा. मालकाला जुन्यापुराण्या काळाची चित्रं आणायची हौस. मिसर, रोम, बाबिलोन! 'सहकुटुंब बघा, लेकीसुनांना आणा,' अशी दवंडी फिरायची. दोर बांधून एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. आता इंग्रजी कोणाला कळतंय? म्हणून मशीनशेजारी पत्र्याचा भोंगा घेऊन हिरानाखवा उभा राही आणि गोष्ट सांगे. इंग्रजी त्याला माझ्या मांजरीइतकंच येत होतं.

पण हिंमत बघा माणसाची! पिरॅमिड दिसले की म्हणे, "हे मिसरचे मिठाचे ढीग. पाऊस न्हाय तिकडं, म्हणून उघडे ठेवलेत." राजाचं प्रेत पट्ट्यांत गुंडाळायला लागले की म्हणे, "ताप हाय. घाम काढतायत." रोमचं गलबत आलं की मात्र त्याचं डोकंच फिरायचं. "अरे, वल्ही बघा कशी मारतायत! यांना समुद्रात सोडला कोनी?" मग पुरुषांकडचे पन्नाससाठ कोळी त्या रोमनांना शिकवायला म्हणून बसल्या जागी "हैय्या हो" करत वल्ही मारायचे, आणि तंबूचा खांब हलायचा. मालक डोक्याला हात लावून बाहेर विडी ओढत बसे.

राजाराणी जवळ यायला लागले की नाखवा आपली लाल टोपी झटकन भिंगापुढे धरी. पडद्यावर नुसती टोपीची सावली. "राणीला बरं न्हाय, राजा ताप बघतोय," असं सांगून टोपी काढायचा. मिसरमध्ये फार साथ होती तापाची, अशी माझ्या वर्गातल्या मुलींची पक्की समजूत झाली होती.

मी पेणहून नवीनच मास्तरीण म्हणून आले होते. इतिहास शिकवायचे, त्यामुळे माझा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा पडद्यावर नायकाच्या छातीत भाला घुसला, तो पडला, बायको ऊर बडवायला लागली, आणि हा भोंग्यातून सांगतोय, "दमलाय. झोपलाय. उद्याच्या मचव्यानं घरी!" मला राहवेना. उभी राहून ओरडले, "अहो नाखवा, मेला तो!"

सगळा तंबू माझ्याकडे वळला. नाखवा शांतपणे म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी त्याला शाळंत मारा. हितं न्हाय."

काय हशा पिकला म्हणता! महिनाभर बाजारात मला मासळीवाल्या विचारायच्या, "बाई, आज कोनाला मारलं?"

त्याचा हट्ट कशासाठी ते मला पुढे शेजारणीने सांगितलं. नाखव्याचा धाकटा भाऊ सोमा मचव्यावरून बसऱ्याला गेला, तो आलाच नाही. मचवाही नाही, सांगावाही नाही. सोमाला त्या मचव्यावर खलाशी म्हणून चढवला होता हिरानंच, त्याचं बोचकं स्वतः धरून. त्यांची म्हातारी आई प्रत्येक खेळाला बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसते, तिच्यासाठी हे सगळं. ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून तंबूत मी तोंडाला कुलूप घातलं.

आणि मग एका वर्षी मालकाने हिंदीत बोलणारं मिसरचं चित्र आणलं. "नाखवा, या खेपेला तुम्ही आरामात बसून बघा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नाखवा माझ्या दारात. टोपी हातात. "बाई, मशीनवाल्याला इचारलं मी. दोन भावांची गोष्ट हाय. धाकटा राजाच्या गलबतावर वल्ही मारायला जातो आनि..." तो टोपी उलटीसुलटी करायला लागला. "हिंदी आयला समजतं. तुमी तिला कायबी सांगून घरी बसवा."

मी गेले. पाय दुखत असतील म्हणाले, थंडी आहे म्हणाले, चित्र अगदी टाकाऊ आहे म्हणाले. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून बसलेली. "चला बाई, जागा जाईल," म्हणून मलाच ओढत घेऊन निघाली.

चित्र चालू झालं. मिठाचे ढीग आले, कोणी काही बोललं नाही. गलबत आलं, पुरुषांकडचं एकही वल्हं हललं नाही. सगळ्या कोळीवाड्याला शेवट ठाऊक झाला होता. नाखवा भोंगा मांडीवर घेऊन बसला होता आणि मी म्हातारीचा हात धरून. चित्र संपत आलं. धाकटा भाऊ वाळूत पडला, थोरल्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि धाकटा स्वच्छ हिंदीत म्हणायला लागला, "भैया, माँ से कहना..."

नाखवा ताडकन उठला. टोपी नाही, भोंगा नाही, आख्खा माणूस भिंगापुढे जाऊन उभा राहिला. पडदाभर त्याची सावली. "झोपलाय त्यो!" तो ओरडला. "दमलाय!" पुढचं वाक्य त्याला येईचना. नुसते ओठ हलत होते.

मशीनवाल्याने घाईघाईने आवाज बंद केला.

तेवढ्यात माझ्या शेजारून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "व्हय रं हिरा! दमलाय त्यो. उद्याच्या मचव्यानं येल!"

"उद्याच्या मचव्यानं!" पुरुषांकडून कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळा तंबूच ओरडायला लागला. बायका, पोरं, मालकसुद्धा. मी तर सगळ्यांत मोठ्याने. इतिहास गेला खड्ड्यात!

परतताना नाखवा कंदील घेऊन पुढे चालला होता. त्याच्याभोवती ही गर्दी, आणि तो पुन्हा रंगात येऊन मिसरच्या वल्ह्यांना नावं ठेवत होता. मी म्हातारीच्या कानाशी म्हणाले, "आय, सोमा येईल हो."

"न्हाय यायचा, बाई," ती म्हणाली. "कवाच म्हाईत हाय मला. मी आय हाय त्याची."

मी थांबलेच. "मग मघाशी म्हणालात ते?"

तिने पुढच्या कंदिलाकडे बोट दाखवलं. "सोमाला त्यानं चढवला ना मचव्यावर. मी न्हाय म्हटलं, तर त्या बिचाऱ्यानं जायाचं कुठं?" आणि पदराने डोळे पुसून तिने हाक मारली, "हिरा, उद्या कुठलं चित्र हाय रं? मी येनार हाय!"